वाचनालयाखालचा व्हॉल्व्ह

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच घातलाय, उरलेला मनात समज.) तुझा खोकला गेला का? भावोजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र कपाटात ठेव. दर तासाला मोजल्याने माणूस बरा होत नाही, यंत्र तेवढं बिघडतं.

आमचं म्हणशील, तर हे महापौर होऊन सहा महिने झाले. गेल्या खेपेला विधानसभेला पडले, त्याची समजूत म्हणून पक्षाने आत्ता कुठे हे पद गळ्यात घातलं. त्याआधी अठरा वर्षं आमदार होते, तेव्हा भेटायला लोकांना राजधानीत जावं लागे, आणि तिथे हे कायम 'दौऱ्यावर' असत (म्हणजे वरच्या खोलीत झोपलेले). इथे कुठला दौरा! शहर केवढंसं. सकाळी दुधासाठी दार उघडावं तर पायरीवर तीन माणसं, त्यातल्या एकाच्या हातात बाटलीत गटाराचं पाणी, पुरावा म्हणून. ह्यांना सवय धरणांवर भाषण करायची. गटार भाषणाला दाद देत नाही.

गेल्या महिन्यात टेकडीवरच्या गल्लीतल्या शिंपीणबाई आल्या. भांडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "साहेब, अकरा वर्षं खालून पाणी वाहून आणतेय. आता खांदा उचलत नाही, शिवू कशी?" हे जुन्या सवयीने बोलून गेले, "आठ दिवसांत पाणी!" मग पाणीखात्याच्या इंजिनिअरने घसा खाकरून सांगितलं, की वरच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद पडलाय आणि तो वाचनालयाच्या फरशीखाली आहे. वाचनालय बांधलं कोणी? ह्यांनीच, आमदार असताना. जागा बदला, असं ह्याच इंजिनिअरने तेव्हा लेखी कळवलं होतं. कागदावर ह्यांच्याच अक्षरात शेरा : 'अडथळे आणू नयेत.'

त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणाले, "फरशी फोडली तर विरोधक हसतील." मी म्हटलं, "हसू देत. त्यांच्या नळाला पाणी आहे." (मला ह्यात पडायचं नव्हतं.) दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः पहिली पहार मारली. दुसरी पायावर. अंगठ्याचं नख गेलं. विरोधी पक्षनेत्याने ह्यांना खुर्ची आणून दिली, आणि एक स्वतःलाही, बसून हसायला. दुपारी व्हॉल्व्ह सापडला, प्लंबरने लोंबकळून फिरवला, आणि वरच्या गल्लीतल्या नळांनी आधी भरपूर चिखल ओकून मग पाणी दिलं. शिंपीणबाईंनी पहिली बादली भरली ती ह्यांचा अंगठा धुवायला. घरी येऊन ह्यांनी अंगठ्याला फडकं गुंडाळलं. मग म्हणाले, "अठरा वर्षं बोललो गं, पण कोणाची बादली भरली नव्हती." मी वाटाणे सोलत होते, तशीच सोलत राहिले. मान वर केली असती तर दोघंही रडलो असतो.

यंदा पक्षाने पुन्हा विधानसभेचं तिकीट देऊ केलं, तर ह्यांनी नको म्हणून कळवलं. सुटले बाई! ती राजधानी, त्या सभा, ते हार. ह्या घरात आता विधानसभेचं नाव निघायचं नाही.

तुझी,
धाकटी

ता.क. पत्र भावोजींना मोठ्याने वाचून दाखव, पण इथपर्यंतच.

ता.क. दुसरा : ह्यांनी नाकारलेलं तिकीट घेऊन पक्षाचे अध्यक्ष परवा आले होते, मला विचारायला. मी हो म्हटलंय. ह्यांना अजून ठाऊक नाही. तुझा शब्द हे मोडत नाहीत, तेव्हा रविवारी येऊन तूच सांग. मी घरी नसेन. माझी पहिली सभा आहे.