लिफ्टवाल्याची डावी बाही

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं टेकवायला माझ्या खोलीत जागा नाही, म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे. भावना पूर्ण आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मशीनचं पायडल अजून डाव्याच पायाने मारता का? डॉक्टरांनी पाय बदलत जा म्हणून सांगितलं होतं. मामींची तब्येत उत्तम असल्याचं त्यांच्या आवाजावरून कळलं. आमचं फोनवर बोलणं झालं. काय बोलणं झालं ते पुढे येईलच, पण ते वाचून मामींवर रागवू नका. त्या आधी काही सांगायला तयार नव्हत्या. मीच फार खोदून विचारलं. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे होतो, आणि बहुतेक पुन्हा होईन.

पत्र थोडं लांबणार आहे. शाळा अर्धवट सुटल्यापासून माझ्याकडून एवढं मोठं लेखन झालेलं नाही, म्हणून शब्दकोश शेजारी घेऊन बसलो आहे. अक्षर वाकडं वाटलं तर तो टेबलाचा दोष समजावा.

टीव्ही कंपनीत मी नेमकं काय करतो, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. मी तेव्हा घाबरून "ऑफिस काम" एवढंच म्हणालो होतो, कारण आपल्या घरात टीव्हीचा विषय निघाला की तुम्ही उठून जाता. तर खरं काम असं. तळघरात एक खोली आहे, तिथे जुन्या मालिकांच्या टेपा भिंतभर रचून ठेवल्या आहेत. एकेक टेप यंत्रात घालायची, ती चालू असताना समोर बसून पाहायची आणि तिची नवी प्रत नीट उतरते आहे ना यावर लक्ष ठेवायचं. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. माझ्या आधीचा माणूस चालू टेपेसमोर घोरायचा म्हणे. पण मला या कामात एक नाद लागला. नायक-नायिका पुढे रडत असतात, तेव्हा मी मागे उभ्या असलेल्या माणसांकडे बघतो. नोकर, पोलीस, वॉर्डातला पेशंट, पत्र देऊन जाणारा. आणि मामा, यांतले काही जण आज केवढे मोठे नट झाले आहेत! कुठेतरी दारात उभं राहून "साहेब, गाडी आली" म्हणणारा माणूस दिसतो, आणि एकदम लक्षात येतं, की अरे, हे तर ते!

या कामात माझी नजर चांगली आहे असं सगळे म्हणू लागले. एडिटिंग करणारे गृहस्थ आहेत (त्यांना सगळे कात्री म्हणतात, आणि ते कुणाचंही बोलणं मध्येच कापतात म्हणून ते नाव दुहेरी शोभतं), ते तर पैज लावून मला एकेक दृश्य दाखवायला लागले.

आता तो मोठा नट. मामा, इथे कृपया पत्र खाली ठेवू नका. तोच, जो पडद्यावर आला की तुम्ही "लिफ्टवाला आला" म्हणून चप्पल शोधायला लागता. तुम्ही त्याला असं का म्हणता ते मला कधीच कळलं नव्हतं. त्याच्या कुठल्याच सिनेमात लिफ्ट नाही. मला वाटायचं, एखाद्याला "पोस्टाचा खांब" म्हणावं तशी ही तुमची शिवी असावी. आणि दाराबाहेर पडता पडता तुमचं ठरलेलं वाक्य: "बाही कशाला ओढतोय? शिंप्याने नीट शिवली नाही का?"

तर ती बाहीच माझ्या उपयोगी पडली. कंपनीने या नटाचा सत्कार करायचं ठरवलं. आमच्या मॅडमनी मला वर बोलावलं आणि सांगितलं, की त्यांनी टीव्हीवर केलेली सुरुवातीची छोटी कामं शोधून काढ, त्यांची एक छोटी फिल्म करून सत्काराच्या वेळी दाखवायची आहे. त्यांच्या खुर्चीसमोर उभं राहून मी हो म्हणालो. माझी नोकरी अजून कच्ची आहे. हे जमलं तर पक्की होईल असं मॅडम म्हणाल्या नाहीत, पण नाही जमलं तर काय होईल ते त्यांनी चष्मा काढून पुसला त्यावरून समजलं.

बाकी सगळे चेहऱ्यावरून ओळखायला जातात आणि फसतात. पातळ दाढी, भरगच्च केस, उपाशी गाल, यांतून काय ओळखणार? मी हात बघितले. कुठलंही महत्त्वाचं वाक्य बोलण्याआधी हा माणूस उजव्या हाताच्या चिमटीत डाव्या बाहीचं टोक धरतो, मनगटापर्यंत हलकेच ओढतो आणि मग बोलतो. अख्खी जनता त्याची नक्कल करते. शाळेतली पोरंसुद्धा कविता म्हणण्याआधी बाही ओढतात (अर्ध्या बाहीचा शर्ट असला तरी). मी म्हटलं, सवय एका दिवसात लागत नाही, ती जुन्या टेपांतही असणार. आणि होती!

मामा, तुम्ही त्याला नाटकी म्हणता, पण ही छोटी कामं तुम्ही बघायला हवीत. एका मालिकेत तो वॉर्डातला पेशंट आहे. पुढच्या पलंगावर नायिका नवऱ्याला धरून रडते आहे, आणि हा मागे वाटीतून काहीतरी खातो आहे. एवढंच काम. पण रडणं सुरू झाल्यावर तो चमचा आवाज न करता वाटीत ठेवतो, वाटी मांडीवर घेतो आणि रडणं संपेपर्यंत खात नाही. हे त्याला कुणी सांगितलं असेल? दुसऱ्या एका मालिकेत तो तिसरा हवालदार आहे. चोराची आई गयावया करते, तेव्हा पहिले दोन हवालदार तिच्याकडे बघतात आणि हा आपल्या बुटांकडे. तिसरीकडे वेटर. टेबलावरच्या माणसाला वाईट बातमी कळते, तर हा आणलेला चहा ठेवत नाही, तसाच परत नेतो, आणि दोन पावलं गेल्यावर हळूच बाही ओढतो. मी ते इतक्या वेळा पाहिलं की कात्रींनी टेप झिजेल म्हणून दम भरला. (एका मालिकेत तो बहुधा मयतही झाला आहे. पण मयताला बाही ओढायला वाव नसल्यामुळे ते मी खात्रीने सांगत नाही.)

आणि मग मला सापडलं ते सगळ्यांत जुनं. इतकं जुनं की त्या नटाने काम सुरू केल्याचं जे साल सगळे सांगतात त्याच्याही आधीचं. शिंप्याचं दुकान आहे. नायक शर्ट मागायला येतो. शिंपी कॅमेऱ्याकडे पाठ करून मशीनवर बसला आहे. मशीन थांबवतो, उठतो, चिमटीत डावी बाही धरतो, ओढतो आणि काहीतरी बोलतो. काय बोलतो ते ऐकू येत नाही, कारण नेमकं तेव्हाच पार्श्वसंगीत मोठं होतं. चेहरा दिसत नाही, आवाज नाही. पण ती बाही! मी खुर्चीतून उठून ओरडलो. कात्री धावत आले, त्यांना वाटलं विजेचा झटका बसला.

त्या पाठीवर मी फिदा झालो, मामा. पाठीवरून कळत होतं की हा माणूस दमलेला आहे, पण काम अर्धवट सोडणार नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणताना त्याला वाईट वाटतंय, तेही खांद्यावरून कळत होतं. फिल्मसाठी निवेदन लिहायचं काम माझ्याकडेच होतं. त्यात मी लिहिलं, की चेहरा न दाखवता एवढं बोलणारी पाठ आम्ही दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही, प्रतिभा पाठमोरी असली तरी लपत नाही. मॅडमनी ते स्वतःच्या आवाजात भरून फिल्मच्या अगदी सुरुवातीला लावलं.

गेल्या मंगळवारी तो नट फिल्म आधी बघायला म्हणून छोट्या थिएटरमध्ये आला. बरोबर कुणी नाही, साधा सदरा, हातात चष्म्याचं घर. मी सगळ्यांत मागे, दाराला चिकटून. दिवे गेले, तुमचं ते दृश्य लागलं (हो मामा, तुमचंच, मी जरा पुढे गेलो), मॅडमचा आवाज पाठीचं कौतुक करू लागला, आणि अंधारातून तो म्हणाला, "थांबवा."

दिवे लागले. तो म्हणाला, "हा मी नाही."

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझा पगार, खोली आणि पुढचं आयुष्य सगळं निघून जाताना दिसलं. कात्री उगाचच छताचे पंखे बघू लागले. तो नट मात्र म्हणाला, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. आणि मग तो पडद्याशी बोलावं तसा बोलायला लागला. त्याचं पहिलं काम लिफ्टवाल्याचं होतं म्हणे. (सगळे सांगतात त्या सालाच्याही आधीचं. ती टेप आमच्याकडे नाही, कुणीतरी तिच्यावर दुसरं काही भरून टाकलं.) त्या दिवशी त्याला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. खिशात घातले की ओरडा, मागे बांधले की ओरडा. दिग्दर्शक त्याला काढून टाकायच्या बेतात होता. कोट लांब होता म्हणून त्याला कपड्यांच्या खोलीत पाठवलं. तिथल्या शिंपीमास्तरांनी तो आखूड केला, अंगात चढवला, आणि त्याचे हात थरथरताना बघून म्हणाले, "बोलायच्या आधी बाही नीट करत जा. माणूस बाही बघतो तोवर हात गप्प होतात." मास्तर स्वतः तेच करायचे, मापं सांगण्याआधी. तो लिफ्टवाला म्हणाला, "मी सगळं आयुष्य त्यांच्याकडून उसनं घेऊन जगलो, आणि मला त्यांचं नावही माहीत नाही."

लिफ्टवाला हा शब्द ऐकल्याबरोबर मला तुमची चप्पल आठवली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि भीतीने माझा उजवा हात आपोआप डाव्या बाहीवर गेला. चिमटीत धरून ओढली. तो नट खुर्चीतून उठला. म्हणाला, "हे तू कुठून शिकलास? माझ्या सिनेमातून नाही. माझा अंगठा खाली असतो. तुझा वर आहे. मास्तरांचा वर होता."

मी म्हणालो, "मामांकडून."

मला एवढंच माहीत होतं की तुम्ही कधीकाळी टीव्हीवाल्यांचे पडदे शिवायचात. बाकीचं मग फोनवर मामींनी सांगितलं. शिंप्याचं काम करणारा नट आला नाही, आणि मशीन खरोखर चालवता येणारा माणूस हवा म्हणून तुम्हाला बसवलं. पडद्यावर दिसायचं म्हणून तुम्ही पुढून खिशाला दुहेरी शिलाई घालून स्वतःला नवा शर्ट शिवलात. मालिका लागली तेव्हा गल्लीतले सगळे आपल्या पुढच्या खोलीत जमले होते, आणि दिसली ती पाठ. शेजारचे इस्त्रीवाले म्हणाले होते, "मास्तर, पाठ मात्र फर्स्ट क्लास!" आणि सगळी खोली हसली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती नोकरी सोडलीत. हे सगळं मामींनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मामा, मी चुकलो असं आता सगळे म्हणतात. पण मला ते पुरतं पटत नाही. मी लहानपणापासून मशीनच्या मागे, खाली, तुकड्यांत बसून तुमची पाठच बघितली आहे. ती बाही ओळखीची वाटली ती तुमची होती म्हणून. नटाची बाही मला कायम तुमच्यासारखी वाटायची, आणि टेपेतली तुमची बाही मी त्याची समजलो. पाठीबद्दल मी जे लिहिलं ते तुमच्याबद्दल लिहिलं. फक्त ते मला माहीत नव्हतं. निवेदनातला एकही शब्द बदलायचा नाही असं त्या नटाने मॅडमना सांगितलं आहे. त्याने फक्त आपल्या नावाच्या जागी तुमचं नाव घालायला लावलं.

जास्त काय लिहू. मशीनला तेल घालत जा, गुडघ्यालाही घालत जा. मामींना नमस्कार, घरातल्या लहानांना नुसता धाक.

तुमचा आज्ञाधारक (एवढी एक गोष्ट सोडून, खाली पाहा),
भाचा

ता. क. सत्कार येत्या शनिवारी आहे, टीव्हीवर थेट दाखवणार आहेत. तुम्ही आल्याशिवाय तो नट स्टेजवर चढणार नाही, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी तुमच्या वतीने हो म्हणून बसलो. सकाळी दारात गाडी येईल. माझी नोकरी पक्की झाल्यासारखी आहे, तेव्हा तिच्यासाठी येऊ नका. तुमच्यासाठी या.

दुसरी ता. क. त्याला तोंडावर लिफ्टवाला म्हणू नका, असं मी लिहिणार होतो. पण तुम्ही त्याला अजून काय म्हणता ते माझ्या तोंडून निसटलं, आणि त्याने ते मला तीनदा सांगायला लावलं. तेव्हा म्हणा. शिवाय तो येताना एक कोट आणणार आहे. बाही आखूड आहे की त्याचा हात लांब झाला, हे तुम्हीच बघून सांगावं, अशी त्याची इच्छा आहे.

तिसरी ता. क. मामींनी गल्लीत सांगून टाकलं आहे. पुढची खोली भरणार. इस्त्रीवाल्यांनी सगळ्यांत पुढची जागा आत्ताच धरली आहे. म्हणून मी आज स्वतः स्टेजवर जाऊन आलो. तुम्ही बोलत असताना काहीही वाजवायचं नाही, असं संगीतवाल्यांकडून कबूल करून घेतलं आहे. कॅमेरा समोर आहे. तुमच्या खुर्चीवर मी बसून पाहिलं, जोर लावून हलवूनही पाहिली. ती जमिनीला ठोकलेली आहे, मामा. फिरत नाही.