दादांची एकच बाटली

४ जुलै
मी बसवलेला दात पुन्हा निघाला, तो रुमालात बांधून फरीदाआपा आज आल्या. उर्दू शाळेत शिकवतात. वर्गात तोंडावर ओढणी धरून बोलावं लागतं. "पानी पीते पीते निकल गया, डॉक्टर." मी काही म्हणायच्या आत सासरे, दादा, त्यांच्या खुर्चीवरून म्हणाले, "सूनबाईंचा हात बसायचाय अजून." आपा हसल्या, ओठ मिटून.
बसवताना दात नीट वाळवला होता. लाळ लागू दिली नव्हती. मला माहितेय.

६ जुलै
निघतायत ती सगळी सेल्फ-क्युअरची कामं. खोल मुळात मसाला घट्ट करणारा लाइट पोचत नाही, तिथं दोन ट्यूबा कालवून भरतो, आपोआप घट्ट होतं, ती. लाइट मारून केलेलं एकही निघालं नाय. खालचा बाँड, मसाला दाताला चिकटवणारा, दोन्हीकडं तोच. दादांची बाटली.

९ जुलै
दवाखाना बंद. काढून ठेवलेल्या दाढांवर करून बघितलं. एकीवर लाइटचा मसाला, कंपोझिट, दुसरीवर सेल्फ-क्युअर. पहिला खरवडला तरी हलला नाय. दुसरं अंगठ्यानं ढकललं, आलं हातात. खालून ओलं, चिकट. बाटलीतल्या बाँडमधलं अ‍ॅसिड ते घट्ट करणारं रसायनच मारून टाकतं. कॉलेजात मॅडमनी शिकवलेलं, परीक्षेपुरतं लक्षात ठेवलेलं.
दोष माझ्या हाताचा नाही. रडले थोडी. बरं वाटून.

१० जुलै
दादांना दाखवलं. दाढ हातात घेतलीच नाय. "लई शिकलीस. अख्ख्या छावणीतल्या डॉक्टरांना ही बाटली मी शिकवली." जुनी पद्धत परत आणू म्हटलं: अ‍ॅसिड लावून धुवायचं, मग प्रायमर, मग वेगळा, अ‍ॅसिड नसलेला बाँड. "या दवाखान्यात नाय." औषधांच्या कपाटाची किल्ली खिशात घातली आणि जेवायला वर गेले. मागोमाग त्याच जिन्यानं मी. पोळ्या वाढल्या.
नवऱ्याला, समीरला, पुण्याला फोन. दर वर्षी म्हणतो पुढच्या वर्षी नेतो. आज म्हणाला, "दादांशी कशाला लागतेस? घे ना सांभाळून."

१३ जुलै
सासूबाई मेथी निवडता निवडता, हळूच: "त्यांच्या हाताला कंप सुटला ना, मग ती लांबलचक कामं जमेनात. पेशंटच्या अंगावर अ‍ॅसिड सांडता सांडता राहिलं. तेव्हा ही बाटली आली, एकदा फासलं की झालं. तिच्यावर निभावलं त्यांनी. ती नको गं काढून घेऊ."
आता भांडायचं तरी कुणाशी. माहेर वेरूळला, बसनं जाता येईल. जाऊन काय सांगू? बाटलीवरून आले?

१८ जुलै
मैत्रिणीकडून जुन्या पद्धतीचा सेट आणला. दादा बँकेत गेले तशी आपांना बोलावून घेतलं. अ‍ॅसिड, धुणं, प्रायमर, बाँड, मुळात आधाराची दांडी, वर सेल्फ-क्युअर. सारखं दाराकडं लक्ष. बाटल्या पर्समध्ये. स्वतःच्याच कामाची चोरी.

२ ऑगस्ट
दात टिकलाय! आपा पेढे घेऊन आल्या. ओढणी खांद्यावर, मोकळं हसत. आणि दादांसमोरच, "इस बार क्या अलग किया, डॉक्टर?"
दादा बघत होते.
"थोडा ज्यादा सुखाया, आपा."
दादा खुश. "बघा! बाटलीत खोट नव्हतीच. हात बसला सूनबाईंचा."
पेढा कागदात गुंडाळून ठेवला.

९ ऑगस्ट
परवा शहरातल्या दातांच्या डॉक्टरांची सभा. दादा बोलणार. एकच बाटली, सगळी कामं. पुरावा म्हणून आपांचा दात. "फोटो तू दाखव. तुझंच काम आहे, बाळा." बाळा कधी म्हणाले नव्हते.
नुकती पास झालेली मुलंमुली असणार समोर. ऐकून जातील, तेच करतील. दात निघाले की आपापल्या हाताला दोष देतील.
खरं बोलले तर दादा भरसभेत खोटे पडतील. नाही बोलले तर...
समीर म्हणतो, "एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे."

११ ऑगस्ट
सभा आज. सासूबाईंनी त्यांची निळी साडी दिली नेसायला. दादा केव्हाचे तयार. "कुणी काही विचारलं तर तूच सांग. आता तुझ्यावर विश्वास बसतो लोकांचा." आपाही येतायत, दात दाखवायला. खाली रिक्षा आलीय. हाका मारतायत. कुणी विचारलंच, हे कसं केलं म्हणून, तर मी उभी राहून पर्समधल्या बाटल्या टेबलावर ठेवणार.