रिकाम्या खोल्यांची वीज

४ मार्च
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कामाची नोंद तेव्हाच्या तेव्हा करून ठेवलेली बरी. नंतर श्रेय लाटायला सगळे हजर असतात.

डायरेक्टरसाहेबांनी नव्या वीजव्यवस्थेची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली. मी एनर्जी मॅनेजर, तेव्हा दुसऱ्या कुणावर टाकणार होते म्हणा. अख्खा कॅम्पस: वर्ग, लॅब, हॉस्टेल, ऑफिसं. प्रत्येक खोलीच्या छताला सेन्सर. आत माणूस हलताना दिसला की वीज चालू, दिसला नाही की बंद. खोली रिकामी आणि वीज चालू, याहून मोठं पाप नाही, असं मीटिंगमध्ये म्हटलं. टाळ्या पडल्या नाहीत, पण लोक अंतर्मुख झालेले दिसले.

मुख्य पॅनल उघडताना स्क्रूड्रायव्हर हातातून निसटला. हल्ली मुठी फार गुळगुळीत करतात.

५ मार्च
रोज लिहिणं शक्य नाही. महत्त्वाचं तेवढंच लिहीन.

११ मार्च
डॅशबोर्ड सुरू. दिवसा आलेख डोंगरासारखा चढतो, संध्याकाळी उतरतो. पण जमिनीला टेकत नाही! सुट्टीचा दिवस, कॅम्पसवर चिटपाखरू नाही, आणि तरी खाली एक जाड रेघ सरळ चाललेली. कोण खातंय ही वीज? वायरमन म्हणाला, साहेब, फ्रीज असतील, पंप असतील, काही ना काही चालू असतंच. ही वृत्तीच नडते. 'असतंच' म्हणून सोडून द्यायचं.

संकल्प: वार्षिक सुट्टीत तळाची रेघ निम्म्यावर आणणार.

१९ मार्च
पहिला टप्पा पूर्ण. दिवे आणि एसी. तक्रारी सुरू. रजिस्ट्रार टॉयलेटमध्ये असताना अंधार झाला आणि बराच वेळ त्यांना बाहेर येता आलं नाही. यात व्यवस्थेची चूक काय? त्यांनी हालचाल करायला हवी होती. तसं नम्रपणे कळवलं. त्यांचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

परीक्षेच्या हॉलमध्ये मुलं मान खाली घालून लिहितात, म्हणून दिवे जातात. उपाय: सुपरवायझरने मधूनमधून दोन्ही हात हलवायचे. व्यायामही होतो.

आधी केले मग सांगितले, या न्यायाने घरीही सेन्सर बसवला. बायको खुर्चीत वाचत बसते, दिवा जातो, ती हात वर करून म्हणते, आहे हो मी. थोड्या वेळाने परत, आहे हो मी. मला बरं वाटतं. पूर्वी ती घरात आहे की नाही हेच कळायचं नाही.

२ एप्रिल
ताईकडे चहाला गेलो. ताई याच कॅम्पसवर, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिची लॅब. आईने अंथरूण धरलं तेव्हापासून मला ताईनेच वाढवलं, डबा भरण्यापासून कान पिळण्यापर्यंत. ही नोकरीही तिनेच लावली असं लोक म्हणतात. खोटं आहे. तिने फक्त जाहिरात दाखवली. आणि अर्ज लिहून दिला.

आई ज्या आजाराने गेली त्यावरच ताईचं काम आहे. आधी हातातलं बळ जातं, मग पायातलं, मग श्वासातलं. तो घराण्यात उतरतो. अशा घराण्यांत घरोघर फिरून ताईने रक्त गोळा केलं आणि एका मोठ्या फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं जपलं. त्यातली निम्मी माणसं आज नाहीत. आईचंही रक्त त्यात आहे. आता नवीन तपासणी निघाली आहे आणि तिला हीच जुनी रक्तं लागतात. ताई म्हणाली, इतकी वर्षं अंधारात चाचपडत होते, आता काहीतरी हाताला लागेल असं वाटतंय. तिला इतकं खुशीत फार दिवसांनी पाहिलं.

माझ्या हातून कप पडला. कान इतका लहान की बोट जात नाही. ताईने कपाकडे पाहिलंच नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. अंगठा दाबून धरला आणि म्हणाली, ढकल. मी ढकलला. तिने पुन्हा ढकलायला लावला. मग म्हणाली, सुट्टीतल्या दौऱ्यावरून आले की तुझं रक्त घेते, आईच्या शेजारी लावून बघते. प्रोजेक्ट संपल्यावर बघू, म्हटलं. ती म्हणाली, नाही, आल्या आल्या.

ताईला उगाच काळजी करायची खोड आहे.

१४ एप्रिल
दुसरा टप्पा सुट्टीत सुरू होणार. आता भिंतीवरचे सॉकेटही. खोली रिकामी झाली की सॉकेट मेला. ज्यांना वीज लागणारच त्यांची 'कायम चालू' यादी. सगळे विभागप्रमुख येऊन ओरडून गेले. केमिस्ट्रीला सूट दिली. सर्व्हरला दिली. कँटीनच्या फ्रीझरला दिली. डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये माशांची काचपेटी आहे, तिला त्यांनी मागायच्या आधीच मी दिली. माणसाने समजूतदार असावं.

१७ एप्रिल
जिन्यात ताई भेटली. म्हणाली, माझा फ्रीझर तेवढा बघ हं. मी म्हटलं, रीतसर अर्ज कर. ती हसली आणि माझ्या पाठीत धपाटा घालून वर गेली.

मी गंभीर होतो. सख्ख्या बहिणीला तोंडी सूट दिली तर लोक काय म्हणतील? बाकीच्यांनी घसा फोडून मिळवली. आपलं माणूस म्हणून वेगळा नियम, हे माझ्याच्याने होणार नाही. असा ताठपणा आजकाल कुणात उरलाय? ती पुन्हा विचारेल तेव्हा नीट समजावून सांगेन.

२९ एप्रिल
उद्यापासून सुट्टी. ताई नवीन रक्त गोळा करायला दूरच्या गावांना निघाली. बर्फाची पेटी खांद्याला लावून ऑफिसच्या दारात उभी राहिली. म्हणाली, तू इथे आहेस म्हणून मी निर्धास्त जाते. अर्जाचं अगदी ओठावर आलं होतं, पण तिची गाडी खाली हॉर्न देत होती. निघणाऱ्या माणसाला कशाला अडवायचं.

यादी कालच बंद केली. उघडता येते. बघू उद्या.

३० एप्रिल
सकाळी डायरेक्टरसाहेबांसमोर बटण दाबलं. तळाची रेघ खाली, खाली, आणखी खाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, एसी लावा जरा. मला वाटतं त्यांनाही भरून आलं होतं.

१ मे
जुन्या इमारतीतून वायरमनचा फोन. तिसऱ्या मजल्यावर काहीतरी लाल दिवा लावून ओरडतंय, काय करू? मी म्हटलं, कालपासून सगळीच यंत्रं ओरडतायत, गेस्ट हाउसमधला फ्रीजसुद्धा. फुकटची वीज गेल्यावर ओरडणारच. अलार्मची बॅटरी काढून टाक. तो म्हणाला, ताईंच्या खोलीतून आवाज येतोय. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. तो म्हणाला, बरं, काढतो.

फोन ठेवल्यावर मनात थोडं चुकचुकलं. पण फ्रीझरचं दार जाड असतं. दार उघडलं नाही तर आतला गारवा कुठे जाणार? हे साधं विज्ञान आहे.

६ मे
रेकॉर्ड! कॅम्पस उभा राहिल्यापासून इतकी कमी वीज कधीच लागली नव्हती. साहेबांनी फोनवर अभिनंदन केलं. पुढच्या महिन्यात बाहेरच्या लोकांसमोर माझं भाषण ठेवणार आहेत. पहिल्या स्लाइडवर फक्त ती रेघ ठेवीन. बोलायचं नाही. लोकांना बघू द्यायचं.

लिहिताना पेन पडलं. टेबल बहुतेक एका बाजूला उतरतं आहे. सुताराला सांगायला हवं.

९ मे
ताई आली.

तिने फोनवर एवढंच म्हटलं, वर ये. गेलो. फ्रीझरचं दार सताड उघडं. खाली पाणी, त्यात ताईच्या चपला. आत रांगेने छोट्या छोट्या नळ्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात नंबर. वास येत होता. बर्फाची पेटी अजून तिच्या खांद्यालाच होती, कारण ठेवायला जागा नव्हती.

मी प्रथम व्यवस्था समजावून सांगितली. ताईने ऐकून घेतलं. मग मला सुचलं की कँटीनचा फ्रीझर यादीत आहे, म्हणजे चालू आहे. आम्ही पेटीतल्या नवीन नळ्या तिथे नेऊन मटारच्या पिशव्यांखाली ठेवल्या. ताई म्हणाली, एवढ्याशा थंडीत या फार टिकणार नाहीत, पण ठेव. तरी त्या वेळी हे सुचणं सोपं नव्हतं.

परत वर आलो. मी म्हटलं, खोली रिकामी होती, त्यामुळे व्यवस्थेने तिचं काम बरोबरच केलं. ताईने विचारलं, खोली रिकामी होती असं तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, सेन्सरने. ती हं म्हणाली. मग वाकून एक नळी काढली, नंबर वाचला आणि माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाली, आई.

ती माझ्या हातून पडली. नळी ओली होती. ताईने उचलली, पदराला पुसली आणि पर्समध्ये ठेवली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१० मे
साहेब म्हणाले, झालं ते वाईट झालं, पण स्लाइडमध्ये हा विषय नको. मासे ठीक आहेत.

ताईचा फ्रीझर किती वीज खात होता ते काढून पाहिलं. इतकी कमी की आलेखावर दिसतही नाही. तो चालू राहिला असता तरी रेकॉर्ड झालंच असतं. हिशोब पुन्हा करून पाहिला. तेच उत्तर. पुन्हा केला.

घरचा सेन्सर बायकोने काढून माझ्या बॅगेत टाकला.

१३ मे
ताईची खोली यादीत घातली. अर्ज न घेता. फ्रीझर धुऊन पुसून चालू केला. आत काही नाही, पण चालू आहे. त्याचा आवाज जिन्यापर्यंत येतो.

ताईला विचारलं, माझं रक्त कधी घेतेस? म्हणाली, घेईन ना, ये कधीही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, पण शेजारी लावून बघायला आता काही नाही रे.

ती गेल्यावर तिच्या स्टुलावर बसलो. सॉकेटला सूट दिली आहे, दिव्याला नाही, त्यामुळे थोड्या वेळाने दिवा गेला. बाहेर आभाळ भरलेलं, खोलीत काही दिसेना. फ्रीझर तेवढा घरघरत होता. मी म्हटलं, आहे मी. दिवा लागला नाही. तो बोलण्यावर लागत नाही, हलण्यावर लागतो, ते मीच ठरवलेलं आहे. उजवा हात वर करायला गेलो. तो मांडीवरून उठला, अर्ध्यावर आला आणि थांबला. आज मुठीला दोष द्यायला हातात काही नव्हतं.

मग डावा हलवला. हे डाव्यानेच लिहितो आहे.