तू फोडलेलं रॉडचं पाकीट

प्रिय आई,

काल संध्याकाळी मावशी सगळ्या गल्लीला सांगत सुटली, "रडली गं बाई एकदाची!" तू गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्याचीच तिला काळजी. पण ते रडणं नव्हतं, आई. हे फक्त तुलाच कळेल, म्हणून लिहितेय.

सुतक फिटलं, काल सकाळी वेल्डिंगच्या दुकानाचं शटर उघडलं. तुझा हातमोजा टेबलावर होता. उचलला, परत ठेवला. काहीच वाटलं नाही. असं कसं होतं गं?

मागच्या गल्लीतले चंद्रय्या काका वाटच बघत होते. त्यांच्या लोखंडी जिन्याला तू नुसते टाके मारून ठेवलेले, पक्कं वेल्डिंग राहिलेलं. वर त्यांचे कापड विणायचे माग. सून पोटुशी, तिची सारखी चढउतार.

"तू करतीस का मंगल, का दुसरा बघू? टाक्यावर किती दिवस चालायचं?"

"मीच करते की," म्हटलं. आता दुकान माझ्यावरच ना!

आठवतं, नवं गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मालक कुटं हायत?" आणि तू तोंडावरची काच वर करून म्हणायचीस, "मालकाशीच बोलताय की!"

नंबर वाढला की वेल्डिंगचा रॉड बारीक, हे तू किती जणांना समजावलंस! पातळ पत्र्याला बारा नंबर, जाड लोखंडी अँगलला दहा. मला वाटलेलं, आठ म्हणजे सगळ्यात बारीक. खिडकीच्या पत्र्याला लावला आणि आरपार भोक! तू वाकून बघितलंस. "माशांना वाट केलीस व्हय गं?"

काल नंबर चुकला नाही. दहाच घेतला. पण फळीवर पाकिटं दोन होती. एक सीलबंद. दुसरं तू फोडलेलं, अर्धं संपलेलं, कडेला तुझ्या बोटांचा काळा डाग. पावसाळ्यापासून उघडंच होतं ते. रॉडवरचा लेप ओल धरतो, हे मला काय माहीत नव्हतं? तरी तेच उचललं.

रॉड चिकटत होता, तडतडत होता. वेल्डिंगवरची खपली ठोकून काढली तर खाली नुसती बारीक भोकं. टोक कुठं टेकतंय ते दिसेना, म्हणून काच बाजूला केली आणि तशीच ठिणगी पाडली. एकदा नाही, परत परत. तू असतीस तर पाठीत धपाटा घातला असतास.

दिवस मावळता, त्या उघड्या उजेडानं डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. पाणी थांबेना. मावशीनं कुशीत घेतलं. "रड बाई, मोकळी हो." तुझे डोळे असे उजेडानं भाजले की मी बटाट्याच्या चकत्या ठेवायचे. माझ्या डोळ्यांवर कुणी ठेवायच्या, हे सांगून तरी जायचंस.

मावशीला खरं सांगणार नाही. किती दिवसांनी पोटभर जेवली ती.

काकांना मात्र सांगून आले, जिना अजून कच्चा आहे, सुनेला वर पाठवू नका. डोळे निवले की कालचं सगळं घासून काढीन, सीलबंद पाकीट फोडीन. पुन्हा पहिल्यापासून, काच न उचलता. आणि कुणाचंही पाऊल पडायच्या आधी त्या जिन्यावर मी चढेन, प्रत्येक पायरीवर जोर देऊन.

रडू येईल तेव्हा येईल. जिना नीट होईल, एवढा शब्द देते.

तुझी,
मंगल