कामठीच्या फोटोतला चिनी

४ जानेवारी १९६३
आज चार गिऱ्हाइकं. तिघांना फोटोत गोरं व्हायचं होतं! ब्रह्मदेव थकला की माझी पेन्सिल सुरू.

चौथा कामठीचा मुनव्वरमियां, लूमवाला. पिशवीतून जुना फोटो काढला — पेकिंग, १९०१! मटणाचं दुकान, टांगलेले बकरे, वरच्या फळीवर कसलीशी अक्षरं. पुढं दोघं. एक फेटेवाला, आपल्याकडचा. दुसरा चिनी — पांढरी टोपी, पाठीवरून पुढं घेतलेली वेणी, हातात सुरा.

"फेटेवाले मेरे नाना. अंग्रेज़ों की पलटन को गोश्त पहुँचाने गए थे. बड़ा करके दो, बैठक में टांगना है. चिनी काट दो."

"काहून?"

"लड़ाई अभी हुई ना, फोटोवाले! दीवार पे चिनी टांगूं?"

५ जानेवारी
भिंगातून फळी पाहिली. अरबी! मोमिनपुऱ्यातल्या दुकानावर असते तशीच. चिनी बेटा मुसलमान निघाला. फोटो काढताना फेटेवाला हललाय, हा मात्र खांबासारखा उभा. असं गिऱ्हाईक मला एकही मिळत नाही!

मनकर्णा म्हणाली, "दोघंबी कसाईच ना जी? मंग एकालेच काहून कापून राहिले?"

बायकोला धंदा कळत नाही.

८ जानेवारी
जुन्या फोटोवरून निगेटिव्ह काढली, तिच्यावर रंग लावला. चिनी गेला. फेटेवाल्याच्या खांद्यावर त्याचा हात होता — तो घालवण्यात अख्खी दुपार गेली. त्याच्या जागी शेवंतीची कुंडी काढली. खाटकाच्या दारात शेवंती!

मनकर्णानं चहा टेबलावर आदळला.

१२ जानेवारी
मुनव्वरमियां दोन्ही फोटो घेऊन गेला. कुंडीची तारीफ केली. शहाणा माणूस.

१९ जानेवारी
मुनव्वरमियांची म्हातारी आई बसनं आली, मोठा फोटो छातीशी धरून. मागं तो, मान खाली. म्हातारीनं फेटेवाल्यावर बोट ठेवलं.

"ये तो अब्बा के दोस्त हैं. इन्हीं के साथ अब्बा चीन से कामठी आए. मेरे अब्बा किधर गए, बेटा?"

मी त्याच्याकडं पाहिलं.

"मालूम था," तो म्हणाला. "बाज़ार के चिनी मोची को पोलिस ले गई. अम्मी को भी ले जाती तो? असली फोटो जला दिया."

 निगेटिव्ह माझ्याकडंच होती. तिच्यावरचा रंग पाण्यानं उतरतो. म्हातारीला खुर्ची दिली आणि धुवायला बसलो.