डावीकडून तरुण

सांडोर, वसई
५ ऑक्टोबर

प्रिय मार्सेल,

तुला, वहिनीला आणि आपल्या नवरीबाईला सलाम. आम्ही मजेत. तेरेसाचा गुडघा आवाज करतो, पण चालतो. केळीला यंदा घड चांगले आलेत. चर्चमध्ये नवीन स्पीकर बसवलेत, त्यांना शिट्टी मारायची खोड आहे. माइक चुकीच्या जागी उभा केलाय, हे मला इथे घरात बसून कळतं. पण कुणी विचारलं नाही आणि मीही गेलो नाही.

पत्र बघून तू म्हणशील, ॲन्सेल्मला झालंय काय? रोज रात्री व्हिडिओवर तोंड दाखवणारा माणूस कागद काय काळे करतोय! तर माझ्या फोनचा कॅमेरा बिघडलाय. तेरेसाच्या फोनचाही. आर्याच्या फोनचा चांगला आहे, पण सुनेचा फोन मागणं बरं दिसत नाही. तुझा भाचा आग्नेल सुट्टी संपवून परत कुवेतला निघालाय, म्हणून हे त्याच्या हाती देतो.

तुझ्या लेकीच्या, रिचेलच्या लग्नाची काळजी सोड. नाताळनंतरचा तो रविवार मी कुणालाही दिलेला नाही. मंडप, खुर्च्या, लाइट, साऊंड, सगळं माझं. पडदे नवे शिवून घेतलेत, पांढरे आणि फिकट गुलाबी, तिने फोटो पाठवला होता अगदी त्याच रंगाचे.

एकच गोष्ट. टोस्टचं दुसऱ्या कुणाला तरी सांग.

मी आजवर कितीतरी लग्नांत ग्लास उंच धरून बोललो असेन. आधी हसवायचं, मग शेवटच्या दोन वाक्यांत नवरीच्या बापाचे डोळे ओले करायचे आणि पटकन ग्लास वर करायचा. मंडपवाला म्हणून आत शिरलो आणि माइक तपासता तपासता टोस्टवाला झालो, हे तुला ठाऊक आहे. पहिला टोस्ट तुझ्याच लग्नात म्हटला. पण आता वय झालं. विनोद जुने झाले. शिवाय दाढ काढलीय.

रिचेलच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला हातात घेऊन ‘हिच्या लग्नाचा टोस्ट माझा’ असं मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो. ते मला आठवतं. तू आठवण करून देऊ नकोस.

तुझा
ॲन्सेल्म


सांडोर
२ नोव्हेंबर

प्रिय मार्सेल,

तेरेसाच्या फोनवर आलेला तुझा निरोप ऐकला. वहिनीची शुगर उतरली हे ऐकून बरं वाटलं. खजूर कमी खा म्हणावं तिला, आमच्यासाठी राखून ठेव.

आग्नेलने तुला सांगितलं की मी तोंडावर रुमाल धरून दारात आलो, पत्र त्याच्या हातात कोंबलं आणि दार लावून घेतलं. पोरगा खरं बोलला. दाढेचंच होतं ते. तू विचारतोस, अशी कुठली दाढ असते जी महिनाभर काढतात? असते एकेकाची.

मग तू म्हणालास, ‘ठीक आहे, सेबॅस्टियनला विचारतो.’ मार्सेल, ‘ठीक’ आणि ‘आहे’ यांच्या मधे तू थांबलास. मी जन्मभर साऊंडचा धंदा केलाय. वायर कुठे तुटलीय ते मला आवाजावरून कळतं. तो निरोप मी पुन्हा पुन्हा ऐकला, शेवटी तेरेसाने फोन काढून घेतला. ‘भांडायचं असेल तर त्यांच्याशी भांडा, माझी बॅटरी कशाला संपवता?’ म्हणाली.

सेबॅस्टियन चांगला बोलतो. सगळ्या लग्नांत तेच बोलतो, त्यामुळे त्याचं पाठ झालंय. मागच्या लग्नात त्याने त्याआधीच्या लग्नातल्या नवरीचं नाव घेतलं, तेवढं सोडलं तर काही चुकलं नाही. त्यालाच दे.

आता इथली गंमत ऐक. माझी सून आर्या चित्रं शिकवते, हे तुला माहीत आहे. आपल्या माळ्यावर, जिथे मंडपाचे पडदे ठेवतो, तिथे ती दर रविवारी लोकांना माणसाचा चेहरा काढायला शिकवते. गेल्या रविवारी मी पडद्यांना कसर लागली का ते बघायला वर गेलो होतो. तेवढ्यात वर्ग आला. मला खाली जायचं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागलं असतं, म्हणून पडद्यांच्या गठ्ठ्यामागे बसून राहिलो. आपल्याच घरात चोरासारखा.

बसल्या बसल्या ऐकलं. आर्या सांगत होती की नुसतं नाक, डोळे, तोंड काढून माणूस येत नाही. हाड जागचं हलत नाही, माणूस ओळखू येतो तो वरच्या मांसावरून. गालात चरबीचा एकच गोळा नसतो, छोट्या छोट्या गाद्या असतात. वय वाढलं की त्या खाली सरकतात, म्हणून नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ती घडी पडते. आणि खरी गंमत म्हणे पुढे आहे. हातापायाचे स्नायू हाडाला हाड जोडतात, चेहऱ्याचे बरेचसे थेट कातडीला शिवलेले असतात. म्हणून मनात काही आलं की कातडी हलते. ओठाच्या कोपऱ्याशी तर कितीतरी स्नायूंची एकच गाठ आहे.

मार्सेल, हा तर मंडप! हाडं म्हणजे बांबू, कातडी म्हणजे कापड, आणि दोऱ्या थेट कापडाला बांधलेल्या. कोपऱ्यातली गाठ आपणही तशीच मारतो. एका बाजूच्या दोऱ्या सुटल्या की कापड दुसऱ्या बाजूला ओढलं जातं. ते जाऊ दे.

त्या दिवशी चित्रासाठी चेहरा द्यायला पाचूबंदरचा कोळी फ्रान्सिस आला होता. खुर्चीत बसला, घोरला, आणि मधेच बोट किनाऱ्याला लागल्याचा फोन आला तसा उठून पळाला. सगळ्यांच्या कागदावर अर्धा अर्धा फ्रान्सिस राहिला. आर्या म्हणाली, ‘आता चेहरा कुठून आणू?’ आणि नेमकी मला शिंक आली.

‘पप्पा!’ आर्या म्हणाली. मग आवाज खाली आणला. ‘नको असेल तर राहू दे हां. खरंच.’

तेरेसा चहा घेऊन वर आली होती. ती म्हणाली, ‘बसा. नाहीतरी घरात बसूनच आहात.’

बसलो. पापलेटचा भाव करताना कोळणीच्या पुढ्यात जे चालतं, ते माझ्या तोंडापुढे चाललं. कपाळ असं, हनुवटी तशी, गळ्याची लोंबती कातडी अशी. नायगावच्या टॉवरमधले शांताराम म्हणून एक रिटायर गृहस्थ आहेत, मंत्रालयात होते. ते चष्मा वर खाली करत म्हणाले, ‘मॅडम, साहेबांच्या डाव्या गालाची घडी सापडत नाहीये.’

‘शोधू नका,’ आर्या म्हणाली. ‘ती तिथे नाहीये.’

उजेडाचा दोष असणार. खिडकी त्याच बाजूला आहे.

चित्रं पुरी व्हायला अजून एकदोन रविवार लागतील. मी बसेन की नाही, बघू. सेबॅस्टियनला माझा नमस्कार कळवू नकोस.

तुझा
ॲन्सेल्म


सांडोर
२३ नोव्हेंबर

प्रिय मार्सेल,

सलाम वगैरे खाली लिहितो. आधी काम.

माझं तोंड वाकडं झालंय.

गणपतीचे मंडप उतरवले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायला गेलो, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून बनियनवर. वाटलं, झोप गेली नाही. आरशात पाहिलं तर डावी बाजू माझी नव्हतीच. कपाळ हलेना, डोळा मिटेना, ओठ लोंबलेला. तेरेसाने किंकाळी फोडली, ती ऐकून मला कळलं की आरसा ठीक आहे.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजलीय. शेजारीपाजारी म्हणाले, वारं लागलं. गोळ्या झाल्या, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी. बरंचसं परत येतं, काहींचं थोडं राहतं. माझं बरंचसं आलंय आणि थोडं राहिलंय. किती राहणार ते डॉक्टर सांगत नाहीत, आरसा सांगत नाही.

त्यात कान. कानातला एक चिमुकला स्नायू त्याच नसेवर चालतो म्हणे. तो ढिला पडला तर आवाज अंगावर येतात. तेरेसा चमचा ठेवते आणि मला वाटतं बँड आला.

पण घरात मी बसलो ते दुसऱ्याच कारणाने. माझा उजवा डोळा मिटतो, डावा उघडा राहतो. म्हणजे मी साधी पापणी लववली तरी समोरच्याला वाटतं, डोळा मारला. पहिल्या रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेलो. फादर संयमावर बोलत होते आणि मी पहिल्या बाकावरून त्यांना डोळे मारत होतो. दोनदा ते वाक्य विसरले. तेव्हापासून चर्च बंद, बाजार बंद, व्हिडिओ बंद. कॅमेरे सगळ्यांचे ठीक आहेत.

आणि टोस्ट कसा म्हणू सांग? प, फ, ब, भ, म म्हणायचं तर दोन्ही ओठ घट्ट मिळावे लागतात. माझ्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटते. टोस्टमध्ये बाप, माय, प्रेम, संसाराची भरभराट, सगळी तीच अक्षरं. ‘मार्सेल’ म्हणायलासुद्धा मी ओठाला बोट लावत होतो. पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ ती जन्मभर बघणार. त्यात मी हवा सोडत, वाइन गळ्यावर सांडत उभा? तुला नाराज करणं मला त्यापेक्षा सोपं वाटलं.

आता आजचं ऐक. मी तिसऱ्यांदा त्या खुर्चीत बसलो. चित्रं पुरी झाली, आर्याने दोरीवर चिमटे लावून टांगली. मी एकेक बघत गेलो. मार्सेल, काय ती सभ्य माणसं! एकूणएक जणांनी माझा डावा गाल दुरुस्त केला होता. उजव्या बाजूची घडी उचलून डावीकडे लावलेली, ओठ सरळ, डोळे सारखे. शांतारामांनी तर मला थोडे केसही दिले.

तेरेसा चहाचा ट्रे घेऊन आली, एकदा दोरीकडे बघितलं आणि छातीवर क्रूस केला. ‘ही चित्रं पेपरात द्यायची आहेत काय? खाली फक्त शोकाकुल परिवार लिहायचं राहिलंय!’

खरंच तसंच दिसत होतं. चेहरा सरळ होता, बरोबर होता, आणि त्यात मी नव्हतो.

शेवटच्या चिमट्याशी अमिषा उभी होती. कॉलेजातली पोरगी, दिवाळीनंतर आलीय, सगळ्यांत कच्ची. तिने कागद पाठीमागे लपवला होता. ‘सॉरी हां अंकल,’ म्हणाली. ‘मला अजून दोन्ही साइड सेम काढता येत नाही. बहोत ट्राय केला. माझं वाकडंच आलं.’

‘बघू.’

तिने कागद पुढे केला. उजवा गाल घड्यांनी भरलेला, डावा गुळगुळीत, ओठाचा कोपरा उजवीकडे वर ओढलेला, एक डोळा मोठा. मी बघत राहिलो. मागून तेरेसा आली आणि फिसकन हसली, ट्रेमधले कप वाजले, माझ्या कानात घंटा झाल्या.

‘हा बघा,’ ती म्हणाली. ‘आता कुणाची तरी खेचणार!’

मार्सेल, तो चेहरा तुझ्या ओळखीचा आहे. विनोदाचं शेवटचं वाक्य तोंडाशी आलंय, सगळा हॉल वाट बघतोय, आणि मी मुद्दाम थांबलोय, तेव्हाचा. साऱ्या वर्गात मी फक्त त्या एका कागदावर जिवंत होतो.

अमिषा रडवेली झाली होती. ‘वाकडं आलं ना?’

‘तुझं नाही, बाय,’ मी म्हणालो. ‘माझं. तू जसं होतं तसं काढलंस.’

शांताराम खोडरबर शोधायला लागले. आता ही शांतता कुणीतरी मोडायला हवी, आणि शांतता मोडण्याचं काम मी पोटासाठी केलंय. म्हणून फादरची गोष्ट सांगितली. डोळे मारून दाखवले, एकेकाला. प आणि म वाटेत सांडत होते, ‘मिस्सा’चं तर काहीतरीच झालं, पण शांतारामांचा चष्मा हसता हसता चहात पडला. आर्या पडद्याच्या गठ्ठ्यावर बसून डोळे पुसत होती. ती हसून की कशाने, ते मी विचारलं नाही. गणपतीनंतर पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर कुणीतरी हसलं होतं, आणि ते मला दोन्ही कानांनी ऐकू आलं. डाव्या कानात जरा जास्तच.

तर सोबत अमिषाचं चित्र पाठवतोय. दुमडू नकोस. आधी तू बघ, काय शिव्या द्यायच्या त्या दे, त्यांचा हक्क तुझा. मग रिचेलला दाखव. लग्न तिचं आहे, तुझं नाही आणि माझंही नाही. तू तिला काही शिकवू नकोस, ‘अंकलला वाईट वाटेल’ वगैरे बोलू नकोस. नुसतं चित्र पुढे धर आणि तिच्या तोंडाकडे बघ. तोंडाचे स्नायू कातडीला शिवलेले असतात, पहिल्या क्षणी खोटं बोलता येत नाही त्यांना.

ती घाबरली तर सेबॅस्टियनला राहू दे. मी मागे साऊंडवर बसेन आणि त्याचा माइक शिट्टी मारणार नाही एवढं बघेन. शब्द देतो, मुद्दामही मारणार नाही.

ती हसली तर मात्र त्याच्याकडून टोस्ट काढून घे. काय सांगायचं ते तू बघ, दाढ दुखतेय सांग. ग्लास मी अर्धाच भरेन, उजवीकडून पिईन. विहीणबाईंना आधीच कानात सांगून ठेव की मी डोळा मारत नाही. आणि फोटोवाल्याला सांग, माझे फोटो दोन्ही बाजूंनी काढ.

वहिनीला सलाम. चित्र बघून झालं की फोन कर. व्हिडिओवर कर.

तुझा,
डावीकडून तरुण, उजवीकडून तोच
ॲन्सेल्म