बाभळीवरचा फोन

डोंगरकड्याजवळचा तांडा,
ता. कळमनुरी
१६ फेब्रुवारी २००९

संपदा,

तुझं पत्र पोचलं. इकडं आम्ही ठीक आहोत, तू आणि तुझ्या घरचे ठीक असतील असं धरून चालतो. कागदावर पिवळे डाग दिसतील. हळद शिजवून राहिलो आहे, दिवसभर कढईपाशी उभा असतो आणि साबणानं काही हाताचा रंग निघत नाही. दुसरं काही समजू नको.

तू लिहिलंस, यंदाची हॅकेथॉन येत्या शनिवारी, नांदेडला, आपल्याच कॉलेजात. टीमला तिसरा माणूस पाहिजे. मी आलो, अपूर्वची माफी मागितली, तर प्राचार्य मला परत वर्गात बसू देतील. अपूर्व स्वतः म्हणाला म्हणे की त्याला बोलाव. म्हणाला असेल. त्याला सांग, त्याच्या कानाखाली लावलेली मी परत घेत नाही.

एका हसण्यावरून कुणी कॉलेज सोडतं का, असं तू विचारतेस. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत तू कॉम्प्युटरमागं वायरी धरून बसली होतीस, तुला हॉल दिसत नव्हता. मला दिसत होता.

ती कल्पना माझी होती, आणि ती काही पुस्तकातून आली नव्हती. विहिरीवर थ्री फेज लाईट रात्री कधी येईल याचा नेम नाही. माझा चुलता मोटारीपाशी वाट बघत झोपला आणि त्याला सापानं धरलं. सकाळी लाईट होती, मोटार चालू करायला तो नव्हता. म्हणून आपण म्हटलं, सबस्टेशनवरच्या माणसानं एक बटन दाबावं आणि कॉम्प्युटरनं सगळ्यांना मिसकॉल द्यावा. मिसकॉलला पैसे पडत नाहीत, वाचताही यावं लागत नाही. माणूस घरात झोपेल, फोन वाजला की उठेल. चोवीस तास जागून तू प्रोग्राम लिहिलास. किती सुंदर चालत होता तो.

मग परीक्षक म्हणाले, खऱ्या गावात लावून दाखवा. मी छातीठोकपणे तांड्याचे तीन नंबर दिले.

आमच्या तांड्यावर रेंज फक्त एका जागी येते, वेशीवरच्या बाभळीखाली, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. सगळ्यांचे फोन पिशवीत घालून तिथंच टांगलेले असतात, वाजले की घराघरांत ऐकू येतं. जाणाऱ्या-येणाऱ्यानं उचलायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायची, ही आमची रीत. ही रीत मला इतकी सवयीची, की तुम्हाला सांगायचं सुचलंच नाही. निम्मा तांडा ऊसतोडीला गेलेला असतो. वाजणारा फोन सोडून पुढं जाणं म्हणजे कुणाच्या तरी मरणाचा निरोप तसाच टांगून ठेवणं.

तर नेमकी माझी आई सरपण घेऊन बाभळीखालून चालली होती. पहिली रिंग, तिनं उचलला. सगळ्या हॉलला स्पीकरवर ऐकू आलं, "हालो, कोन? प्रेमदास? तुह्या बापाचं बराबर हाय ना रं?" तेवढ्यात दुसरा वाजला, तिनं तोही उचलला. मग तिसरा. "थांबा रं जरा, डोक्यावर मोळी हाय."

लोक हसले ते ठीक. पण आपल्याच टीमचा अपूर्व माइक हातात घेऊन म्हणाला, "सर, यांच्याकडं फोन झाडाला लागतात."

पुढचं तुला माहीत आहे.

आता तुझी तक्रार. महिनाभर मी तुझ्या मिसकॉलला उत्तर काहून देत नाही, नाइलाजानं पत्र लिहावं लागलं, असं तू लिहिलंस. सांगतो. मी कॉलेज सोडल्यावर तू संध्याकाळी एक रिंग द्यायचीस, मी बाभळीखाली उभा राहून ती वाजू द्यायचो आणि उलट एक रिंग द्यायचो. एवढंच. पण मला त्यावर रात्र काढता यायची. तांड्यात न उचललेला फोन तो एकच. एके दिवशी हळदीची कढई उतरवायला मी थांबलो आणि आईनं उचलला. तू ठेवून द्यायला पाहिजे होतं. तू तिला "नमस्कार काकू" म्हणालीस. तिनं विचारलं, कोनाची पोरगी? आणि तू वडलांचं नाव, आडनाव, गल्ली, सगळं सांगितलंस. तुला खोटं बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आई तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर जाऊन आली.

आठ-दहा दिवसांनी कढईपाशी पाच-सहा जण आले. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. आई म्हणाली, तोंड उघड. तिनं गूळ घातला. मागं उभ्या नायकानं नाव घेतलं, संगिता, कळमनुरीकडच्या तांड्याची. आमच्यात नायकासमोर गूळ खाल्ला की सगाई झाली, तो शब्द मोडत नाही. तोंडात गोड लागल्याबरोबर मला सगळं समजलं होतं, संपदा. थुंकता आलं असतं. एका हसण्यावर भर हॉलमध्ये हात उचलणारा मी, आईच्या हातचा गूळ गिळून बसलो.

बाप कारखान्यावर आहे, चैत्रात येईल, मग लग्न. शनिवारी मी नांदेडला आलो तर परत जायचा नाही, हे मला माहीत आहे आणि आईलाही. मग पंचायतीपुढं ती एकटी बसेल. म्हणून येत नाही. अपूर्वच्या माफीचं उगाच पुढं केलं मी. पाच माफ्या मागितल्या असत्या.

पण माझ्याशिवाय तुम्ही हरू नका. आपली चूक मला आता कळली. लोकांनी फोन उचलू नये असं आपण धरलं. त्यांना उचलू दे. प्रोग्रामला वाट बघायला लाव, समोरून "हालो" आलं की त्यानं बोलावं, "लाईट आली, मोटार चालू करा." उचलणारा तिथूनच हाक मारेल, सगळा तांडा उठेल. झाडाला फोन लागतात त्याचा हाच तर उपयोग. पैसे पडतील, ते वीजवाल्यांकडून मागा.

एकच मागतो. तो आवाज तुझा असू दे. अपूर्वचा नको, दुसऱ्या कुणाचा नको. हे खरंच कधी चालू झालं तर रोज कुणीतरी बाभळीखाली तुझा आवाज कानाला लावेल. कधी आई लावेल. पुढं संगिताही लावेल. कधी मी. आणि कुणी मला विचारणार नाही की ही कोनाची पोरगी.

शनिवारी परीक्षकांनी खरं गाव मागितलं तर आमचेच नंबर दे. मी झाडापाशी थांबतो. मी "हालो" म्हणेन, तू काही बोलू नको, मशीनला बोलू दे.

मग मी मोटार चालू करायला जाईन.

बाभळीखाली रेंजमध्ये उभा असलेला,
प्रेमदास